शिल्लक वावरं

दिल्ली आली तेव्हा ती दिसलीच नाही. मथुरा मागे पडल्यापासून मी पदराने खिडकीची काच पुसत बसले होते आणि बाहेर नुसतं धुकं होतं, जमिनीपासून आभाळापर्यंत एकसारखं. मधेच त्यात पिवळा डाग उमटायचा, ते मोहरीचं शेत असायचं, आणि नीट बघेपर्यंत विरून जायचं. एकदा रुळांच्या कडेला घोंगडी पांघरून उभा असलेला माणूस दिसला. त्याचे पाय दिसत नव्हते. गाडी इतकी सावकाश चालली होती की मला पेंग येई, जाग येई, आणि तेवढ्यात बाहेरचं काही बदललेलं नसे. मिरज सोडून दोन रात्री झाल्या होत्या.

समोर भाऊसाहेब मांडीवर कापडी पिशवी घेऊन ताठ बसले होते.

"अहो, ठेवा की ती बाकावर. वह्या कोण पळवतंय?"

"असू दे," ते म्हणाले. पिशवी तिथेच राहिली.

भाऊसाहेब म्हणजे माझे यजमान. चौतीस वर्षं तलाठी होते. आमच्याकडे तलाठ्याला सगळं गाव भाऊसाहेब म्हणतं, आणि लग्न होऊन आल्यावर मीही चारचौघांत तेच म्हणायला लागले, ते आजतागायत. मी मुलींच्या शाळेत हिंदी शिकवायची. नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. दोघंही नुकतेच निवृत्त झालो होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा दिल्लीला निघालो होतो, तेही कुतुबमिनार बघायला नाही, तर एका खाजगी फाउंडेशनपुढे मदत मागायला.

आता त्या वह्यांचं सांगते. आमच्या खोऱ्यात प्रत्येक शेताला नाव असतं. 'बाळंतिणीची ताल' (ताल म्हणजे उतारावर बांध घालून केलेलं शेत), 'ढवळ्याचं वावर', 'रुसव्याचं टिकं' (टिकं म्हणजे डोंगरउतारावरचा लहानसा तुकडा). सरकारने जमिनींचं एकत्रीकरण केलं, गट नंबर पाडले, आणि ही नावं दप्तरातून गेली. माणसांच्या तोंडात राहिली. भाऊसाहेबांनी ती गपचूप गोळा करायला घेतली. त्यांची पद्धत पंचनाम्याची. नाव सांगणारे पंच दोन हवेत, ते एका भावकीतले नकोत, आणि दोघांनी त्या शेताच्या बांधावर उभं राहूनच नाव सांगितलं पाहिजे. चावडीत बसून सांगितलेलं नाव ते लिहीत नाहीत. मी कितीदा म्हटलं, एवढं कशाला? तर म्हणाले, पाय लागल्याशिवाय माणसाला खरं आठवत नाही.

आणि मग धरण मंजूर झालं. उन्हाळ्यात पहिली तीन गावं उठणार होती, त्यामागून बाकीची. माणसं एकदा पांगली की बांधावर उभं कोण राहणार, आणि पाणी चढल्यावर बांध तरी कुठला? भाऊसाहेबांचे गुडघे गेलेले. एकट्याने डोंगर चढणं आता होत नव्हतं. एक जीप, हाताखाली दोन माणसं, वर्षभराची सवड, एवढं मिळालं असतं तर काम पुरं झालं असतं. अशात वर्तमानपत्रात फाउंडेशनची जाहिरात दिसली, संस्कृती, संशोधन आणि सार्वजनिक धोरण यांसाठी अर्थसाहाय्य. अर्ज मी लिहिला. दिल्लीहून मुलाखतीचं बोलावणं आलं, त्या दिवशी हा माणूस जेवताना दोनदा स्वतःशीच हसला.

निजामुद्दीनला माझा भाचा नितीन घ्यायला आला होता. तो गुडगावला मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. "मावशी, गाडी फक्त सहा तास लेट, लकी आहात यार," म्हणाला आणि मग काकांसमोर यार म्हटलं म्हणून ओशाळला. त्याच्या छोट्या गाडीतून आम्ही दक्षिणेकडे निघालो. धुक्यातून घुमट यायचे, झाडं यायची, उंटाची गाडी यायची, आणि परत जायची. दिल्ली संपली असं तो म्हणाला त्यालाही बराच वेळ झाला आणि मग एका वळणावर ऊन पडलं.

ते गुडगाव मी विसरणार नाही. मोहरीच्या शेतात मधोमध काचेची इमारत उभी होती. तिच्याभोवती दुसरं काहीच नव्हतं. पलीकडे अर्धे बांधलेले मजले, त्यांच्यावर बांबूंचं जाळं, खाली शेणाच्या गोवऱ्यांचे रचलेले ढीग आणि त्या ढिगांवर मोर. रुंद रस्ता सुरू व्हायचा आणि शेतात जाऊन थांबायचा. काचेत आभाळ दिसत होतं, त्यामुळे ती इमारत कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते हे मला समजेना. मला वाटलं, आपण अजून गाडीतच आहोत आणि डोळा लागलाय.

"हे सगळं पाच-सहा वर्षांतलं, मावशी. पुढच्या वेळी याल तेव्हा ओळखणार नाही," नितीन म्हणाला.

"आधी इथं काय होतं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"काही नाही, काका. शेतं."

भाऊसाहेबांनी पिशवीवरचा हात घट्ट केला.

नितीनच्या घरी बथुआचे पराठे (बथुआ म्हणजे आपली चाकवतच) आणि पांढऱ्या लोण्याचा गोळा तयार होता. सुनेने, म्हणजे नितीनच्या बायकोने, खूप आग्रह केला. चाकवत अशी पोळीत घालून तुपावर भाजता येते हे मला त्या वयात कळलं, आणि आपण इतकी वर्षं तिची नुसती पातळ भाजी का करत बसलो याचा थोडा रागही आला. नितीनची सहा वर्षांची सई आमचं बोलणं कान देऊन ऐकत होती.

"आजोबा, बांध म्हणजे वॉल का?"

भाऊसाहेबांनी पलंगावरची रजई ओढली, तिला मधोमध हाताने उंचवटा केला. "इकडं तुझं शेत, इकडं माझं. मधे हा बांध. याच्यावर बसून दोघांनी भाकरी खायची." सई लगेच त्या उंचवट्यावर जाऊन बसली आणि तो मोडला. भाऊसाहेबांनी पुन्हा केला. असं बराच वेळ चाललं.

दुसऱ्या दिवशी अकराला मुलाखत होती. फाउंडेशनची इमारत नितीनच्या घरापासून चालत जाण्यासारखी, पण रस्ता नसल्याने नितीनने शेताला वळसा घालून सोडलं. एका उद्योगपती घराण्याने बांधलेली ती जागा. आत गारवा, दगडी फरशी, भिंतींवर एकही कॅलेंडर नाही. चालताना पावलांचा आवाज मागून यायचा. संस्कृती पहिल्या मजल्यावर होती, संशोधन दुसऱ्या आणि सार्वजनिक धोरण तिसऱ्या. पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, शेतांची नावं म्हणजे संशोधन. दुसऱ्यावर म्हणाले, धरण आहे म्हणजे धोरण. तिसऱ्यावरच्या तरुणाने अर्ज उलटापालटा करून म्हटलं की ही तर संस्कृती आहे. भाऊसाहेबांचे गुडघे, आणि जिने ते असे. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, पण भाऊसाहेब शांत होते. सरकारी कचेरीत जन्म गेलेला माणूस, त्यांना हे घरच्यासारखं वाटत असणार.

शेवटी नंदिता नावाची मुलगी धावत आली. अर्जांचं काम तिच्याकडे होतं. केस कापलेले, खादीचा कुर्ता, पायात कोल्हापुरी. "सॉरी माताजी, सॉरी. आपकी फाइल मेरे पास है. कमेटी बैठी है, चलिए." पोरगी गोड होती. तिच्या पायातल्या चपला बघून मला उगाच धीर आला.

आत लांब टेबलामागे तिघं होते. मधे अध्यक्ष, सत्तरीचे, गळ्यात लोकरी मफलर, आवाज एकदम मऊ. भाऊसाहेबांना हिंदी समजते, बोलायला जड जाते, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे. अध्यक्षांनी वह्या हातात घेतल्या, पानं हळूहळू उलटली, मोडी वळणाच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग हसून म्हणाले, "हमारा-आपका रिश्ता पुराना है, पटवारीजी. मैं भी कभी कलेक्टर था."

कलेक्टर हा शब्द ऐकला आणि भाऊसाहेबांची पाठ ताठ झाली. हात जुळून पोटाशी आले. मला ते दिसलं.

"तो बताइए," अध्यक्ष म्हणाले, "कितना काम बाकी है?"

भाऊसाहेबांनी क्षणाचाही विचार केला नाही. "काही शिल्लक नाही, साहेब. सगळं पूर्ण आहे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. साहेबाने विचारलं की काम पूर्ण आहे म्हणायचं, हे त्यांनी चौतीस वर्षं केलं होतं. मामलेदार आले, प्रांत आले, जमाबंदी असो की पीकपाहणी, भाऊसाहेबांच्या तोंडून शिल्लक हा शब्द कुणी ऐकला नव्हता. अपुरं असलं तर रकाना कोरा सोडायचा आणि मागाहून भरायचा. शिल्लक लिहिलं की मेमो येतो. दिल्लीत, मदत मागायला आलेल्या माणसाने, त्याच सवयीने तेच उत्तर दिलं होतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी भलतंच भाषांतर करू शकले असते. पण हिंदी भाऊसाहेबांना कळते, आणि माझ्याकडे ते अशा नजरेने बघत होते की मला जमलं नाही.

"कह रहे हैं, काम पूरा है," मी म्हणाले.

अध्यक्षांनी मान डोलावली. मग सहायता कशासाठी, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. "सुंदर काम है. हम अपने पुस्तकालय में इसकी एक प्रति अवश्य रखना चाहेंगे." नंदिताने खाली बघितलं. दहा मिनिटांत आम्ही बाहेर होतो. तीन गावं उन्हाळ्यात उठणार होती आणि आमची दिल्ली संपली होती.

बाहेर ऊन छान पडलं होतं. हिवाळ्यातलं तिकडचं ऊन आपल्याकडे नाही, अंगावर नुसतं ठेवल्यासारखं वाटतं, टोचत नाही. फाटकाशी चारपाईवर एक म्हातारा पहारेकरी खाकी स्वेटर घालून बसला होता. त्याने आम्हाला हाताने बोलावून जागा करून दिली, कुठून तरी चहा मागवला. भाऊसाहेबांशी मी बोलत नव्हते. तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं माहीत नाही.

म्हाताऱ्याचं नाव रामफळ. सगळे त्याला ताऊ (थोरला काका) म्हणायचे. चहा फुंकत त्याने इमारतीकडे मानेने दाखवलं. "यो सारा म्हारा ए था जी." ही सगळी त्याची जमीन होती, विकली, आणि आता तो तिचीच राखण करत होता. हे त्याने हसत सांगितलं.  भाऊसाहेब चारपाईवर पुढे सरकले.

"विचार त्याला, नाव काय होतं?"

"कशाचं?"

"वावराचं."

मी विचारलं. रामफळने कप खाली ठेवला. "जांटी आळा," तो म्हणाला. जांटी म्हणजे आपली शमी. शमीच्या झाडाचं शेत. "कोई ना पूछता इब," आता कुणी विचारत नाही, इतकंच वर म्हणाला.

भाऊसाहेब उठले. त्यांच्या नियमाप्रमाणे बसून सांगितलेलं नाव चालत नाही. रामफळ काठी घेऊन पुढे निघाला, मागे भाऊसाहेब, मागे मी. कापलेल्या हिरवळीवरून तो पावलं मोजत गेला, मधेच थांबून उजवीकडे वळला, जणू तिथे काही तरी आडवं होतं. इथे रहाट होता म्हणाला. इथे म्हशी बांधायचो. तो बोलत होता आणि मला काचेतलं ऊन, हिरवळ, लांबची मोहरी यांतून खरंच कुठे तरी पाणी वाजल्याचा भास झाला. मग तो काचेचं दार ढकलून आत गेला, थेट स्वागतकक्षात, आणि पितळी कुंडीशेजारी थांबला.

"डोळ याड़ै थी." डोळ म्हणजे बांध, तो इथेच होता.

टेबलामागची मुलगी फोन हातात धरून बघत राहिली. दोन म्हातारे कुंडीशेजारी उभे होते. रामफळने पुन्हा नाव सांगितलं, मोठ्याने. भाऊसाहेबांनी पिशवीतून नवी वही काढली, हातावर धरून नाव लिहिलं, पहिल्या पंचाचं नाव लिहिलं आणि वर बघितलं.

"दुसरा कोण?"

दुसरा कुणी नव्हता. शेजारच्या शेताचा मालक जमीन विकून नातलगांकडे लांब निघून गेला होता, गावातले बाकीचेही असेच पांगले होते. भाऊसाहेबांनी दुसरा रकाना कोरा सोडला आणि वही मिटली.

"यह क्यों खाली है?"

नंदिता होती. जेवायला खाली आली असणार. कधीपासून उभी होती कोण जाणे. मी तिला दोन पंचांचा नियम सांगितला. तिने ऐकून घेतलं, मग हात पुढे केला. "बाकी कॉपियाँ देखूँ?" भाऊसाहेबांनी पिशवी दिली. तिने आधीची एक वही उघडली. नाव, पहिला पंच, कोरं. नाव, पहिला पंच, कोरं. काही ठिकाणी नुसता गट नंबर आणि पुढे सगळंच कोरं. वर खोलीत ही कोरी जागा कुणाच्या नजरेत भरली नव्हती. अक्षर इतकं देखणं की माणूस तेच बघतो.

"माताजी, काम पूरा नहीं है ना?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. सांगायला माझी जीभ शिवशिवत होती, देवाशपथ. पण मी गप्प बसले. ते माझं बोलणं नव्हतं. नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायची लाज होती असंही नाही, तितकी काही मी सोशीक नाही. मला वाटलं, हे यांच्या तोंडून आलं तरच काही अर्थ आहे.

नंदिताने वही मिटून परत दिली. "साहब कल ग्यारह बजे फिर बैठेंगे. आप आना चाहें, तो मैं दस मिनट निकाल लूँगी."

संध्याकाळी नितीनने पानिपतचा विषय काढला. महाराष्ट्रातलं कुणी आलं की काला अंबला, तिथल्या लढाईच्या स्मारकाला, न्यायचंच, असा त्याच्या घराचा रिवाज, आणि उद्याची सुट्टी त्याने त्यासाठीच घेतली होती. भाऊसाहेब लहानपणापासून पानिपतचं नाव काढत आले होते. ते गच्चीत खुर्ची टाकून बसले होते, समोर सूर्य तांबूस होऊन धुरात उतरत होता, अर्धे मजले त्यात तरंगत होते. मी शेजारी जाऊन बसले आणि मग मला राहवलं नाही.

"कुणाला घाबरलात हो? तो माणूस रिटायर आहे, तुम्ही रिटायर आहात. कोण मेमो देणार होतं तुम्हाला?"

त्यांनी उतरत्या सूर्याकडे बघितलं. मग म्हणाले, "नोकरीच्या दुसऱ्या वर्षी खरं सांगितलं होतं. पावसात नदी ओलांडता आली नाही, पलीकडची पाहणी राहिली, तसं सांगितलं. प्रांतांनी चावडीत उभं केलं. गाव येऊन बघून जायचं. दिवेलागणीपर्यंत उभा होतो."

तीस वर्षांत हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी त्यांच्या गुडघ्यावर शाल टाकली, आणि खाली रस्त्यावरून मेंढरांचा कळप निघाला होता तो आम्ही दिसेनासा होईपर्यंत बघत बसलो.

"पानिपत राहू दे," ते शेवटी म्हणाले. "नितीनला सांग, उद्या अकराला परत तिथंच सोड."

दुसऱ्या दिवशी धुकं उठलंच नाही. इमारत अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नव्हती, काच पांढरी आणि बाहेरही पांढरं. वरच्या त्याच खोलीत अध्यक्ष एकटेच होते, शेजारी नंदिता. त्यांनी बसायला सांगितलं. भाऊसाहेब बसले नाहीत.

"साहेब, काल मी खोटं बोललो. काम पूर्ण नाही. शिल्लक आहे."

मी भाषांतर केलं.  अध्यक्ष म्हणाले, "कितना?" आणि मग जे घडलं ते मी अजून आठवत असते. भाऊसाहेबांनी वह्या उघडल्या नाहीत. खिडकीबाहेरच्या पांढऱ्याकडे बघत ते एकेक शिल्लक सांगत गेले. वरच्या आळीतल्या दोन भावांचं बोलणं नाही, एक बांधावर आला की दुसरा येत नाही, म्हणून त्यांच्या तालीचा दुसरा पंच शिल्लक. धनगर पावसाळ्याआधी खाली उतरतात, त्यांना गाठायचं राहिलं, त्यांची माळरानं शिल्लक. झऱ्यावरची तीन टिकी, त्यांची नावं आता एकट्या हौसाबाईला माहीत. ती अंथरुणाला खिळलेली. तिला खुर्चीत बसवून चौघांनी वर उचलून न्यायला हवं, तेवढी माणसं मिळाली नाहीत, म्हणून ती तीन शिल्लक. मी एका मागून एक हिंदीत सांगत होते आणि मधेच थांबावं लागलं. इतकं सगळं या माणसाने डोक्यात घेऊन दोन रात्री ती पिशवी मांडीवर धरली होती, आणि मी त्यांना ती बाकावर ठेवा म्हणत होते. मला रडू आलं, मी ते लपवलं नाही.

अध्यक्षांनी गळ्यातला मफलर सैल केला. मग म्हणाले, "कल आप यही कहते तो मैं कल ही मान जाता." पण समितीचे बाकीचे दोघं असतात, रीत असते, पत्र येईल, असंही म्हणाले. निघताना ते उठून दारापर्यंत आले. खाली रामफळ चारपाईवर नव्हता, त्याची रजा होती.

परतीच्या गाडीत भाऊसाहेब पहिल्यांदा झोपले. पिशवी बाकावर. आग्र्यापर्यंत धुकं होतं, मग हळूहळू झाडांना कडा आल्या, माणसांना पाय आले, आणि दुसऱ्या सकाळी सह्याद्रीचा उन्हात न्हालेला, स्वच्छ, ओळखीचा डोंगर खिडकीत दिसला. मी शोधू लागले, तर दिल्ली मला आठवेना. धुक्यातली काच आठवली, कुंडीशेजारचे दोन म्हातारे आठवले. राजधानी बघून आले असं कुणाला सांगायची मला तेव्हा लाजच वाटली, कारण आम्ही तिकडे एक शेत बघितलं होतं, तेही आता नसलेलं.

पत्र आलं. मंजुरी होती, वर्षभराची, जीपसकट. नंदिताने खाली हाताने लिहिलं होतं, बधाई. पण ते हातात पडलं त्याच्या आठवडाभर आधी हौसाबाई गेली होती.

भाऊसाहेबांनी वर्षभर काम केलं. धनगर भेटले. दोघा भावांना त्यांनी कसं एका बांधावर आणलं ही वेगळीच कथा आहे. तीन गावं उठली, मग बाकीची. फाउंडेशनने पुस्तक छापायला घेतलं तेव्हा तिथल्या संपादकांचं पत्र आलं की शेवटच्या पानावरच्या तीन ओळींना नाव नाही, नुसते गट नंबर आहेत, त्या गाळल्या तर यादी परिपूर्ण दिसेल. भाऊसाहेबांनी उत्तर मला लिहायला दिलं नाही. स्वतःच्या मोडक्यातोडक्या हिंदीत लिहिलं, की साहेब, ओळी राहू द्या, आणि पुढच्या रकान्यात एक शब्द छापा. तो त्यांनी मराठीतच लिहून पाठवला.

आता तिथे पाणी आहे. उन्हाळ्यात पातळी उतरली की आम्ही काठावर जाऊन बसतो. झऱ्याची जागा मला माहीत आहे, तीन टिकी कुठे होती तेही दाखवता येतं. पुस्तक आमच्या घरी आहे, त्याच्या शेवटच्या पानावर ती तिन्ही आहेत, गट नंबरासकट, आणि प्रत्येकापुढे छापलेलं आहे, शिल्लक.